उलाळ

कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची राहती खोली, आमच्याकडे आधी आली आणि ती झेपेल अशी गाडी नंतर. क्रम उलटा असायला हवा होता. ते कळायला एक लांबलचक उतार उतरावा लागला.

ही कॅरव्हॅन मावशी आणि काकांची. एकोणीस वर्षं दोघांनी ती जिवापाड सांभाळली. पुढे काकांचे गुडघे साथ देईनात. कॅरव्हॅनचं बरंचसं काम वाकून नाहीतर गुडघे टेकून करायचं असतं. हुक लावायचा, चारी कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, पुढचं छोटं चाक वर घ्यायचं. "आता तुम्हीच न्या," मावशी म्हणाली. द्यायची म्हणून तिनं पडदे धुऊन, इस्त्री करून परत लावले होते. काकांनी मला दिवसभर समोर बसवून एकेक गोष्ट समजावली आणि निघताना हातात लाकडाचा एक दांडा दिला. दीड वीत लांब, दोन्ही टोकं रंध्यानं सपाट केलेली. "हा हरवू नकोस हं." मी हो म्हटलं. दिवसभरात इतकं ऐकलं होतं की तो दांडा कशासाठी हे काही डोक्यात राहिलं नाही. चाकाखाली लावायचं अडकण असेल असं समजून मी तो मागच्या कपाटात ठेवून दिला.

आमच्याकडे तेव्हा छोटी हॅचबॅक होती, टर्बो पेट्रोल. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं की ती १,४०० किलोपर्यंत ओढते. कॅरव्हॅनच्या पाटीवर कमाल वजन लिहिलं होतं १,४०० किलो. आकडे तंतोतंत जुळले, म्हणजे जमलं असंच आम्ही धरून चाललो. आणि खरंच, तिनं ओढली. पहिल्या सहलीला निघालो तेव्हा सपाटीवर मागे काही आहे हे जाणवत नव्हतं. पहिला मोठा चढही तिनं विनातक्रार चढला. मी शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बघ, उगाच घाबरत होतो."

मग उतार लागला. वेग ताशी नव्वदच्या जरा पुढे गेला असेल. शेजारून एक बस निघाली. मोठं वाहन जवळून जाताना आधी त्याच्यापुढची हवा आपल्याला बाहेर ढकलते आणि ते पुढे सरकलं की आत ओढते. एरवी हे जाणवतही नाही. त्या दिवशी हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. डाव्या आरशात कॅरव्हॅनची कड दिसली, दिसेनाशी झाली आणि उजव्या आरशात आली. परत डावीकडे, आणि आता आधीपेक्षा जास्त. तिसऱ्या हेलकाव्याला आमच्या गाडीची मागची बाजू तिच्याबरोबर जायला लागली. पाय आपोआप ब्रेककडे गेला होता. काकांच्या दिवसभराच्या बोलण्यातलं एक वाक्य मात्र कुठेतरी रुतून बसलं होतं: "डोलायला लागली की ब्रेक नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, तिच्या मागे लागायचं नाही." मी पाय दोन्हींवरून उचलला. हात घट्ट धरले. वेग उतरत गेला तसे हेलकावे लहान झाले आणि साधारण ताशी सत्तरला ती पुन्हा मुकाट मागे यायला लागली.

मागच्या सीटवरून मुलीनं विचारलं, "आई, घर का हललं?" ती कॅरव्हॅनला घर म्हणते. मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली तेव्हा माझी बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती.

रात्री काकांना फोन केला. ते रागावले नाहीत. "भरल्यावर काट्यावर नेली होतीस?"

"नाही, काका."

"आणि लाकूड? लाकूड लावून बघितलंस?"

"कुठलं लाकूड?"

पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि या वेळी मी लिहून घेतलं.

घरी आल्यावर आधी काही उतरवलं नाही. जशी होती तशी कॅरव्हॅन वजनकाट्यावर नेली, हुक सोडून एकटी उभी केली. १,३६० किलो. पाटीवर रिकामं वजन होतं १,०९०. म्हणजे २७० किलो आम्ही भरले होते आणि भरताना एकदाही वाटलं नव्हतं की हे जास्त होतंय. मग काकांचं लाकूड. सपाट जागी चाकांना अडकण लावायचं, बाथरूममधला वजनाचा काटा कॅरव्हॅनच्या तोंडाखाली ठेवायचा, त्यावर दांडा उभा करायचा आणि पुढचं छोटं चाक हळूहळू वर घेत कॅरव्हॅनचं तोंड दांड्यावर टेकवायचं. टो-बॉल, म्हणजे गाडीच्या मागचा ज्यावर हुक बसतो तो गोळा, जमिनीपासून ज्या उंचीवर असतो, साधारण त्याच उंचीवर हुक यावा एवढीच त्या दांड्याची लांबी. काट्यावर जो आकडा येतो तो कॅरव्हॅननं गाडीच्या शेपटावर टाकलेला भार. भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के हवा, म्हणजे आमच्या बाबतीत ६८ ते ९५ किलो. काट्यावर आले ३०. मी तीन वेळा मोजलं. तीसच.

मराठीत याला नेमका शब्द आहे. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते. धुरी, म्हणजे गाडीचा पुढचा दांडा, वर उचलली जाते, जू मानेवरून सुटायला बघतं आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा वर आवळतो. पुढे जास्त झालं तर ती धुरजड, मग मान दबते. ज्यानं आयुष्यात एकदा गाडी भरली असेल तो पोती चढवताना हात धुरीवर ठेवून अंदाज घ्यायचा. आमची कॅरव्हॅन साफ उलाळ होती. दोन सायकली मागच्या स्टँडवर. पाण्याचे भरलेले कॅन मागच्या ओट्याखाली. मुलीच्या पुस्तकांचं खोकं मागच्या कपाटात. त्याच कपाटात लाकडाचा तो दांडाही.

हे भरणं दुरुस्त करणं सोपं होतं आणि ते आम्ही त्याच आठवड्यात केलं. जड सामान चाकांच्या बरोबर वर, जमिनीलगत. हलकं वरच्या कप्प्यांत. टोकांना शक्य तितकं कमी. शेवटचं मला सगळ्यात उशिरा समजलं. नुसतं मागचं वजन पुढच्या वजनानं तोललं म्हणजे झालं, असं नसतं. लांब काठीच्या दोन्ही टोकांना भरलेल्या बादल्या अडकवल्या तर काठी तोललेली राहते, पण एकदा फिरायला लागली की थांबवता थांबत नाही. त्याच बादल्या मधोमध अडकवल्या तर मनगटानं आवरता येतात. सायकली गाडीच्या टपावर गेल्या, पाणी मुक्कामी भरायचं ठरलं, पुस्तकं चार निवडून घ्यायची असा मुलीशी करार झाला. वजन १,२९० वर आलं आणि हुकवरचा भार ७० वर.

तरीही गाडीचा प्रश्न उरलाच. आमची हॅचबॅक १,२५० किलोची. त्या दिवशी मागची पुढचीपेक्षा जड होती. ब्रिटनमधले जाणते कॅरव्हॅनवाले नवशिक्यांना सांगतात की भरलेली कॅरव्हॅन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. आम्ही १०९ टक्क्यांवर होतो. सामान कमी करूनही शंभराच्या वर. मग कंपनीनं १,४०० कसे लिहिले? याचं उत्तर शोधताना जे हाती आलं त्यानं माझी गाडीकडे बघायची दृष्टीच बदलली. युरोपात हा आकडा ठरवताना पूर्ण भरलेली गाडी मागच्या ट्रेलरसकट १२ टक्के चढावर उभी करतात आणि पाच मिनिटांत पाच वेळा तिला जागेवरून निघता आलं पाहिजे अशी अट असते. म्हणजे तो आकडा चढाचा आहे. उताराबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

आणि मी आजवर ज्याला ज्याला विचारलं होतं त्या प्रत्येकानं चढाचंच सांगितलं होतं. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, पिकअप कसा. मीही तेच विचारत होते. ओढणं जेमतेम इंजिनालाही जमतं, फार तर ट्रकच्या मागे हळूहळू चढायचं. प्रश्न असतो तो आवरण्याचा. मागची १,३०० किलोंची वस्तू वाऱ्यानं, उतारानं किंवा अचानक लागलेल्या ब्रेकनं आपल्या मनाप्रमाणे जायला लागली तर पुढच्या गाडीनं तिला जागेवर धरलं पाहिजे. ते होतं गाडीच्या वजनानं, तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या लांबीनं, मागच्या स्प्रिंगांनी, टायरच्या भिंतींनी, ब्रेकनं. यातलं काहीच जाहिरातीत येत नाही.

नवी जड गाडी आमच्या आवाक्यात नव्हती हे सरळ कारण. म्हणून जुनी बघायला लागलो. पण बघता बघता मला जुन्या गाडीबद्दल वेगळाच विश्वास वाटायला लागला. नव्या गाडीचे दोष अजून तिच्या पोटात असतात. पंधरा-सतरा वर्षांच्या गाडीचे बाहेर आलेले असतात, चार मेकॅनिकांनी पाहिलेले असतात, त्या मॉडेलची कुठली नळी आधी जाते आणि कुठला पंप टिकतो हे एव्हाना सगळ्यांना पाठ असतं. नीट विचारलं तर जुनी गाडी सगळं सांगते.

चार महिन्यांत अकरा गाड्या पाहिल्या. पहिली उंच, रुबाबदार, चारही चाकं ओढणारी, आणि नवऱ्याला ती पाहताक्षणी आवडली. मी सोबत मोजपट्टी ठेवायला लागले होते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आखूड, आणि मागच्या चाकापासून हुकपर्यंतची गाडी मात्र लांब. हा मागचा तुकडा तरफेसारखा वागतो. कॅरव्हॅननं हुकला आडवा धक्का दिला की तो जितका लांब तितकी गाडी जास्त फिरते. सोडून दिली. दुसरी एक चांगली होती, पण तिच्या पाटीवर वजनाची दुसरी ओळच कोरी होती. या पाटीवर साधारण चार वजनं असतात: भरलेल्या गाडीचं, गाडी आणि ट्रेलर मिळून, पुढच्या ॲक्सलचं (चाकांच्या आसाचं), मागच्या ॲक्सलचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की भरलेल्या गाडीनं किती ओढावं ते कळतं. दुसरी ओळ कोरी असेल तर कंपनीनं तिला ओढायची परवानगीच दिलेली नाही. मग मागे कुणी कितीही मजबूत टो-बार, म्हणजे टो-बॉलचा दांडा, बसवलेला असो.

तिसरी अगदी कमी चाललेली डिझेल. बाहेरून कोरी करकरीत. मोह झाला. पण ती आयुष्यभर बाजार आणि शाळा एवढीच फिरली होती. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर लांबच्या पल्ल्यावर तापतो तेव्हाच आतली काजळी जाळून साफ होतो. रोज चार किलोमीटर चाललेल्या गाडीत तो तुंबत जातो. त्यापेक्षा हमरस्त्यावर दीड लाख जास्त चाललेली गाडी मी डोळे झाकून घेईन. चौथीचा क्लच घसरत होता. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तिथेच. बाकीच्यांचं सांगण्यासारखं काही नाही.

बारावी गाडी स्टेशन वॅगन होती. डिझेल, ऑटोमॅटिक, सतरा वर्षांची, २,४०,००० किलोमीटर चाललेली. रिकामी १,७०० किलो. पाटीवर भरलेलं वजन २,२५० आणि दोन्ही मिळून ४,०५०, म्हणजे ओढायला १,८००. विकणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. मी नमस्कार करून आधी गाडीच्या मागे गेले आणि गुडघ्यावर बसले. आता माझी ती सवयच झाली होती.

टो-बॉलवर प्लास्टिकची टोपी होती. टोपी काढली. पन्नास मिलिमीटरचा पोलादी गोळा, त्यावर काळपट ग्रीसचा पातळ थर. बोटानं पुसून पाहिला. वरचा भाग गुळगुळीत होता, पण चपटा झालेला नव्हता. गाडीकडे झुकलेल्या बाजूला मात्र एक लकाकणारा चंद्रकोरीसारखा पट्टा होता, आणि मागच्या बाजूला तसाच, जरासा लहान. ओढताना हुक बॉलच्या एका बाजूवर रेलतो, थांबताना दुसऱ्या. जिथे सतत हिसके बसतात तिथे बॉल एका अंगानं ठोकरल्यासारखा होतो. इथे दोन्हीकडे नुसती मऊ झीज होती. ग्रीस पाहून मला कळलं की मागे डोलणं आवरणारा हुक नसणार. तसल्या हुकात बॉलला चिमटीत धरणारी पॅडं असतात आणि ग्रीस लागलं की ती धरत नाहीत.

"काय ओढत होतात तुम्ही?" मी खालूनच विचारलं.

"घोडी," बाई म्हणाल्या.

उठून उभी राहिले. त्यांनी सांगितलं की बारा वर्षं याच गाडीनं घोडीचा ट्रेलर नेला. घोडी म्हातारी झाली, आता कुठे न्यायची नाही, म्हणून गाडी काढायची. "ती मागे उभी असते ना. तिला बाहेरचं काही दिसत नाही. मी ब्रेक लावणार हे तिला कळायला नको का? मग आधीपासून, लांबून, थोडा थोडा लावायचा. पहिल्या वर्षी एकदा जोरात लावला तर तिचं गुडघं सोलवटलं. त्यानंतर कधी नाही."

मी इतक्या गाड्या पाहिल्या, इतकी सर्व्हिस रेकॉर्डं चाळली, पण या दोन वाक्यांएवढा भरवसा कशानंच दिला नव्हता. कागद सांगतात गाडीचं काय बदललं. ती कशी चालवली गेली ते कागदांत नसतं. बारा वर्षं कुणीतरी प्रत्येक वळण, प्रत्येक सिग्नल मागच्या जिवाचा तोल सांभाळत घेतला होता. ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवलं तेव्हा कडेला अगदी बारीक कंगोरा लागला.

सहलीसाठी म्हणून बांधलेल्या पहिल्यावहिल्या कॅरव्हॅनांत १८८५ सालची 'वॉन्डरर' गणली जाते. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी ती स्वतःसाठी बांधून घेतली आणि ती ओढायला दोन घोडे होते. मला ते घोडे हल्ली वारंवार आठवतात. घोडा ओझं जास्त झालं की थांबतो, मान झटकतो, त्याच्या अंगाला घाम सुटतो. मोटार यातलं काही करत नाही. तिच्याकडे एवढंच असतं: तापमानाचा काटा, तेलाचा वास, पेडल किती खाली जातं ते. तेवढ्यावरून ओळखायचं.

म्हणून त्या दिवशी मी वेळ घेतला. इंजिन गार असतानाच सुरू करायला लावलं. गरम करून ठेवलेली गाडी काहीतरी लपवते असं मी धरूनच चालते. रेडिएटरच्या जाळीत बोट घालून पाहिलं, पात्या चुरत नाहीत ना. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नव्हता. मग बाई शेजारी बसल्या आणि आम्ही जवळच्या लांब चढावर गेलो. काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथून हलला नाही. "उन्हात ट्रेलर घेऊन चढायचं असेल तर एसी बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि काटा वर जायला लागलाच तर हीटर पूर्ण लावा, खिडक्या उघडा. आपण भाजून निघतो, पण इंजिन वाचतं." हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मला धाक होता. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं आणि ताकद त्या तेलातून पुढे जाते. त्यामुळे ओझं घेऊन जागेवरून निघताना ती अतिशय मऊ निघते, क्लच जळण्याचा प्रश्न नसतो. पण ती घसरण सगळी उष्णता होऊन तेलात उतरते आणि शिजलेलं तेल गिअरबॉक्सला खातं. या गाडीला तेल बघायला डिपस्टिकसुद्धा नव्हती. मी तसं म्हटल्यावर बाईंनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यात बिलं. "पुस्तकात लिहिलंय की हे तेल कधी बदलायला लागत नाही. मी दोनदा बदललं." हे त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून केलं ते विचारायचं राहिलं, पण त्यांनी बरोबर केलं होतं. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच आपल्या ऑटोमॅटिकचं तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते.

दोष होते. ते बाईंनी स्वतःहून सांगितले. मागचे स्प्रिंग दमले होते. नवरा आणि मुलगी डिकीच्या कडेवर बसले तर गाडी चांगली चार बोटं खाली गेली. हे दिसतं त्यापेक्षा गंभीर असतं. मागचं खाली बसलं की पुढची चाकं हलकी होतात, वळवायचं आणि ब्रेकचं निम्म्याहून अधिक काम तर त्यांच्याकडे असतं. रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. (सित्रोएन या फ्रेंच कंपनीनं १९५५ सालीच डीएस या गाडीत वायू आणि तेलाचं असं सस्पेन्शन दिलं होतं की मागे कितीही भार टाकला तरी गाडी आपली पातळी आपण राखायची. एवढी मोलाची गोष्ट सगळ्या गाड्यांत का आली नाही, याची मला खरंच खंत वाटते.) ट्रेलरला वीज देणाऱ्या सॉकेटमधल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. टायरची नक्षी भरपूर होती, पण बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा. टायरवर कोरलेल्या लांब कोडचे शेवटचे चार आकडे त्याचं वय सांगतात, २३१५ असेल तर २०१५ सालचा तेविसावा आठवडा. हे चारही टायर वयात आले नव्हते, वयातून गेले होते.

आम्ही गाडी घेतली. पैसे देऊन झाल्यावर बाई एकदा मागे जाऊन बॉलवर टोपी नीट बसली आहे ना ते बघून आल्या.

पुढचे तीन आठवडे गाडी गॅरेजात होती, आणि हे मी आधीच धरलेलं होतं. जुनी गाडी घेताना तिच्या किमतीत पहिली दुरुस्ती मोजली नाही तर ती आपल्याला परवडत नाही असंच समजावं. मागे जरा कडक स्प्रिंग, नवे टायर, कूलंटच्या सगळ्या नळ्या, टायमिंग बेल्ट, सॉकेट. टायर घेताना भाराचा आकडा बघून घेतला. ९५ असेल तर एका टायरला ६९० किलो, १०० असेल तर ८००.

ब्रेक ऑइलबद्दल मात्र मी हट्ट धरला. मेकॅनिक म्हणाला, "ताई, रंग चांगला आहे, चालेल अजून." पण हे तेल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि रंगावरून ते कळतंच असं नाही. डॉट ४ दर्जाचं तेल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ठरावीक ओलावा शिरल्यावर ती किमान मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. सपाटीवर फरक पडत नाही. लांब उतारावर मागे कॅरव्हॅन असताना डिस्क इतक्या तापतात की तेल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ लागून खाली जातं. तेल बदललं. त्यानं जुनं तेल बाटलीत काढून दाखवलं. खरंच स्वच्छ दिसत होतं.

बॉल मी स्वतः साफ केला. आधी कापडानं, मग सॉल्व्हंटनं, शेवटी बारीक पॉलिश पेपरनं, कोरडा खडखडीत होईपर्यंत. काकांच्या कॅरव्हॅनचा हुक पॅडंवाला आहे. ग्रीसचा शेवटचा काळा डाग निघाला तेव्हा उगाच घोडीची आठवण झाली.

काकांना म्हटलं, तुम्ही या एकदा बरोबर. ते नाही म्हणाले, पण निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन करून सगळं विचारून घेतलं. हुकवर किती? ८०. गाडीची मर्यादा किती? ९०. टो-बारची? १००. कॅरव्हॅनच्या हुकची? १००. "मग ९०च धर, सगळ्यात लहान तीच आपली." सुटली तर कॅरव्हॅनचे ब्रेक आपोआप लावणारी तार कुठे अडकवलीस? चाकांचे बोल्ट पानानं बघितलेस? मी एकेक उत्तर देत होते आणि मागून मावशीचा आवाज येत होता, "अहो, झोपू द्या तिला."

तोच रस्ता घेतला. तोच चढ, त्यावर स्टेशन वॅगन हॅचबॅकपेक्षा हळू चढली. उताराच्या आधी, माथ्यावरच, गिअर खाली घेतला. उतारावर पोचल्यावर गिअर शोधायचा नाही, हे बाईंनी सांगितलं होतं. वेग ताशी साठ. इंजिन घुमत होतं, पाय ब्रेकपासून मोकळा. मधूनच एकदा ब्रेक ठाम दाबायचा, वेग उतरवायचा, पूर्ण सोडायचा, म्हणजे डिस्कना गार व्हायला वेळ मिळतो. ब्रेक लावला की पुढचा क्षणभर कॅरव्हॅन हुकमध्ये आत सरकल्याचं जाणवायचं. तिचे ब्रेक असेच लागतात. ती गाडीला ढकलते, त्या ढकलण्यानं हुकचा दांडा आत जातो आणि तोच तार ओढून तिच्या चाकांचे ब्रेक आवळतो.

मागून बस आली. मी आरशात पाहिलं. नवऱ्यानं दरवाजावरचं हँडल धरलं, बोलला काही नाही. बस शेजारी आली, हवेचा धक्का बसला, स्टिअरिंग हातात जरासं थरथरलं. दोन्ही आरशांत कॅरव्हॅनच्या दोन्ही कडा होत्या तिथेच राहिल्या. बस पुढे गेली. मुलगी मागे पुस्तक वाचत होती, तिनं मान वर केली नाही.

खाली पोचल्यावर पहिल्या मोकळ्या जागी थांबलो. मी उतरले आणि कॅरव्हॅनच्या डाव्या चाकाच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू नेली, मग वळसा घालून उजव्या. एखादा ब्रेक अडकून राहिला असेल तर त्या बाजूचा हब जास्त तापतो. फोन वाजला. काकांनी वेळ मोजलेली असणार.

"उतरलात?"

"उतरलो."

"हब बघितलेस?"

"आत्ता तेच बघतेय. कोमट आहेत."

"दोन्ही सारखे?"

मी पुन्हा एकदा डावीकडे गेले, हात धरला, परत आले.

"सारखे, काका."